जुळ्यांची प्रसूती: नॉर्मल की सिझेरियन, हे कसे ठरवावे

जुळी बाळे आहेत असे कळताच घरातली मंडळी सिझेरियन गृहीत धरतात. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २८०० गर्भवतींच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३२ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान पहिल्या बाळाचे डोके खाली असेल, तर आधीच ठरवून केलेल्या सिझेरियनमुळे बाळांचे मृत्यू किंवा गंभीर इजा कमी होत नाहीत, असे दिसले. अर्थात, ज्यांची नॉर्मल प्रसूती ठरली होती त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे शेवटी सिझेरियन झालेच, त्यामुळे मनाची तयारी दोन्हींची ठेवावी.

सर्वप्रथम ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून पाहावा. बाळांची वार (नाळेतून बाळाला पोषण देणारा अवयव, प्लॅसेंटा) एक आहे की दोन, आणि पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) स्वतंत्र आहे की सामाईक, हे त्या वेळी जितके स्पष्ट दिसते तितके पुढे दिसत नाही. दोघे एकाच पाणमोटेत असतील तर नाळा एकमेकींत गुंतण्याचा धोका असल्याने साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत सिझेरियन केले जाते आणि तेथे निवडीला फारसा वाव नसतो. वार एकच पण पाणमोटा दोन असतील आणि गुंतागुंत नसेल, तर नॉर्मल प्रसूतीचा विचार होऊ शकतो.

त्यानंतर पहिल्या, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाजवळच्या बाळाची स्थिती पाहावी. ते पायाळू किंवा आडवे असेल तर सहसा सिझेरियनचाच सल्ला मिळतो. आधीचे सिझेरियन, आईचा वाढलेला रक्तदाब आणि दुसरे बाळ पहिल्यापेक्षा बरेच मोठे असणे या बाबींचा विचार डॉक्टर प्रत्येकीच्या बाबतीत स्वतंत्रपणे करतात.

माझ्या मते खरा प्रश्न दुसऱ्या बाळाचा असतो आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. पहिले बाळ जन्मल्यावर गर्भाशयात एकदम मोकळी जागा होते आणि दुसरे बाळ फिरू शकते, त्यामुळे त्याची सोनोग्राफीतली स्थिती शेवटपर्यंत तीच राहील असे नाही. अशा वेळी डॉक्टर पोटावरून बाळ वळवतात किंवा आत हात घालून पाय धरून बाहेर काढतात. हे कौशल्य सरावाने येते आणि ते प्रत्येकाला अवगत असतेच असे नाही. क्वचित पहिले बाळ नॉर्मल आणि दुसरे सिझेरियनने, असेही घडते. म्हणून दुसऱ्या बाळाच्या वेळी प्रत्यक्ष कोण हजर असेल, पायाळू बाळ काढण्याचा त्यांना अनुभव आहे का, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह रात्रीही तयार असते का, दोन्ही बाळांचे ठोके सतत नोंदवण्याची सोय आहे का आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दोन जागा मिळतील का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्या रुग्णालयात नॉर्मलचा आग्रह धरू नये. वेळ हाताशी असेल तर मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवावे.

जुळ्यांमुळे गर्भाशय जास्त ताणलेले असते, त्यामुळे मार्ग कोणताही असला तरी प्रसूतीनंतर अधिक रक्तस्राव होऊ शकतो. रक्तपेढीची सोय दोन्हींसाठी लागतेच. पुढे आणखी मूल हवे असेल, तर सिझेरियनच्या व्रणावर वार चिकटण्याची शक्यताही डॉक्टरांशी बोलून घ्यावी.

निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात, तेव्हा ही चर्चा नवव्या महिन्यावर न टाकता २८ आठवड्यांच्या सुमारास पूर्ण करून, ठरलेले फाईलमध्ये डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.