शौचातील गुप्त रक्त : तपासणी कशी करावी आणि तिचा अर्थ कसा लावावा

हिमोग्लोबिन उतरले आहे आणि कारण सापडत नाही, अशा रुग्णाला डॉक्टर पुष्कळदा ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ ही तपासणी लिहून देतात. पचनमार्गातून झिरपणारे, पण डोळ्यांना न दिसणारे रक्त तिने शोधले जाते. निरोगी माणसाच्या शौचातूनही दिवसाला 0.5 ते 1.5 मिलिलिटर रक्त जातच असते आणि शौच डांबरासारखे काळे दिसू लागण्यासाठी साधारण 50 मिलिलिटर रक्त जावे लागते. या दोहोंच्या मधला रक्तस्राव हा या तपासणीचा प्रांत आहे. म्हणून ज्याला लाल रक्त किंवा डांबरी शौच दिसते आहे, त्याने हिच्यात वेळ न घालवता थेट डॉक्टरांकडे जावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते. त्या चालू असल्यास तसे सांगावे.

लॅबमध्ये पहिला प्रश्न विचारावा तो हा, की तपासणी ग्वायक पद्धतीची आहे की इम्युनोकेमिकल, म्हणजे ‘फिट’. पथ्ये, नमुना आणि निकालाचा अर्थ हे सारे या उत्तरावर अवलंबून आहे.

ग्वायक हा कॅरिबियन प्रदेशातील एका झाडाचा राळेसारखा चीक असून त्याचा वैद्यकातला प्रवेश मोठा नाट्यमय आहे. सोळाव्या शतकात युरोपात सिफिलिस हा लैंगिक संसर्गाचा रोग पसरला तेव्हा या झाडाचे लाकूड उतारा म्हणून आयात होऊ लागले. स्वतः त्या रोगाने ग्रासलेल्या उल्रिख फॉन हुटेन याने 1519 मध्ये या लाकडाच्या गुणांवर पुस्तक लिहिले, तर वेरोनाचे वैद्य जिरोलामो फ्राकास्तोरो यांनी 1530 मध्ये त्या रोगावर लॅटिन काव्यच रचले. रोगाला आज आहे ते नाव त्या काव्यातील मेंढपाळावरून पडले आणि त्याच काव्यात या झाडाची थोरवी गायलेली आहे. तपासणीच्या नावातल्या ‘ऑकल्ट’ या शब्दाचा, म्हणजे ‘गुप्त’चा, अर्थही त्याच काळात पाहावा. उष्ण, शीत, रुक्ष, स्निग्ध हे गुण इंद्रियांना कळतात, पण लोहचुंबकाचे खेचणे किंवा विषाचे मारणे त्यांतून उलगडत नाही. अशा शक्तींना तेव्हाचे विद्वान ‘गुप्त गुण’ म्हणत. फ्रेंच वैद्य ज्याँ फर्नेल यांनी 1548 मध्ये गुप्त कारणांवर ग्रंथ लिहून काही रोगही असेच मानले. आपल्याकडे चरकसंहितेत ‘प्रभाव’ आहे तो याच जागी : चित्रक आणि दंती या वनस्पतींचे रस (चव), वीर्य (उष्ण-शीत शक्ती) व विपाक (पचनानंतरचा परिणाम) सारखे असूनही रेचन दंतीनेच होते, आणि त्याचे कारण अचिंत्य मानलेले आहे. यात जादूटोण्याचा संबंध नव्हता. निरीक्षण खरे होते आणि कारण हाती लागलेले नव्हते.

सिफिलिसवर ग्वायकचा उपयोग झाला नाही, पण चीक मागे राहिला. ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रव्याच्या (आज हायड्रोजन पेरॉक्साइडच्या) सान्निध्यात रक्तातील हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, त्याला निळा करते, ही गोष्ट डच शास्त्रज्ञ इझाक फान डेन यांनी 1864 मध्ये रक्त ओळखण्यासाठी वापरली आणि बर्लिनचे पोटविकारतज्ज्ञ इस्मार बोआस यांनी 1901 च्या सुमारास शौचातील गुप्त रक्तस्राव ही कल्पना वैद्यकात रुजवली. मात्र हा चीक फार भोळा आहे. हीमसारखे काम करणारे काहीही मिळाले तरी तो निळा होतो. शेरलॉक होम्स 1887 च्या आपल्या पहिल्याच कथेत रक्त ओळखण्याच्या या ग्वायक चाचणीला बोजड आणि बेभरवशाची म्हणतो, ते उगीच नव्हे. आजची सगळी पथ्ये म्हणजे त्या तक्रारीवर काढलेले उपाय आहेत.

ग्वायक पद्धतीसाठी नमुन्याच्या आधी तीन दिवस आणि नमुने पूर्ण होईपर्यंत मटण, कलेजी व इतर लाल मांस बंद ठेवावे, कारण प्राण्याचे रक्तही चिकाला चालते. कोंबडी आणि मासे खाण्यास हरकत नाही. कच्चा मुळा, सलगम, फ्लॉवर, ब्रोकोली आणि खरबूज यांतील पेरॉक्सिडेज हे हीमसारखे काम करणारे एन्झाइम खोटा निळा रंग आणू शकते, तेव्हा तेही टाळावे. क जीवनसत्त्वाचा धोका उलट दिशेचा आणि माझ्या मते अधिक मोठा आहे. दिवसाला 250 मिलिग्रॅमपेक्षा अधिक गेल्यास रक्त असूनही रंग उमटत नाही. सर्दीसाठी चघळायची 500 मिलिग्रॅमची एक गोळी त्याला पुरते. रोज सकाळी आवळ्याचा रस घेणाऱ्यांनीही तो या दिवसांत थांबवावा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके जठरातून रक्त काढतात, म्हणून ती सात दिवस आधी सोडण्यास सांगतात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.

‘फिट’मध्ये मानवी ग्लोबिनलाच, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनालाच, चिकटणारी प्रतिपिंडे असल्यामुळे आहाराचे पथ्य नाही. जठरातून वाहिलेल्या रक्तातील ग्लोबिन वाटेतच पचून जात असल्याने ही तपासणी मुख्यतः मोठ्या आतड्याबद्दल सांगते. अल्सरची शंका असेल तर तिच्या निगेटिव्ह निकालावर विसंबू नये.

मासिक पाळीत व तिच्यानंतर तीन दिवस, तसेच मूळव्याधीतून रक्त जात असताना किंवा लघवीत रक्त असताना नमुना देऊ नये. शौचाला पाणी, लघवी, फिनेल किंवा अ‍ॅसिड लागू नये, यासाठी भारतीय पद्धतीच्या शौचकूपात कागद किंवा स्वच्छ प्लास्टिक पसरावे आणि कमोडवर ते आडवे ताणून बसवावे. ग्वायकचे कार्ड असल्यास शौचाच्या दोन वेगळ्या भागांतून थोडे थोडे घेऊन दोन खिडक्यांत पातळ थर द्यावा, आणि असे लागोपाठ तीन वेळच्या शौचांचे करावे. रक्त रोज झिरपतेच असे नाही, म्हणून हे तीन नमुने लागतात. आपल्याकडे बहुधा एकच डबी हातात देतात. तीन नमुने हवेत का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. ‘फिट’ची काडी खाचा भरण्यापुरतीच फिरवावी, कारण जास्त नमुना अचूकता बिघडवतो. उष्णतेने ग्लोबिन विघटित होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ही नळी दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली तर मिळणारा निगेटिव्ह रिपोर्ट कवडीमोलाचा ठरतो.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. अंकुशकृमी, अल्सर, वेदनाशामके, मूळव्याध, पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची वाढ) अशी अनेक कारणे असू शकतात. पण पुन्हा तपासणी करून निगेटिव्ह येईपर्यंत वाट पाहणे ही सर्वांत घातक सवय आहे, कारण थांबून थांबून वाहणारी गाठ दुसऱ्या वेळी कोरडी सापडू शकते. पॉझिटिव्हनंतर कोलोनोस्कोपीच, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणीच, करावी. अमेरिकेतील मिनेसोटा येथे 46,551 लोकांवर झालेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दरवर्षी ग्वायक तपासणी करणाऱ्या गटात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू 33 टक्क्यांनी घटले होते; त्यामागे पॉझिटिव्ह आलेल्यांची कोलोनोस्कोपीही होती.

आपल्या सरकारी कर्करोग तपासणी कार्यक्रमाचा भर मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांवर आहे, त्यामुळे आतड्याबद्दल स्वतःच विचारावे लागते. अमेरिकेत ही तपासणी 45 व्या वर्षापासून सुचवतात. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर साधारण 40 व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपीबद्दल बोलावे. कोलोनोस्कोपी स्वच्छ निघूनही रक्तक्षय टिकून असेल, तर पुढे जठराची एन्डोस्कोपी आणि तीही स्वच्छ असल्यास लहान आतड्यासाठी गिळायची कॅमेरा-कॅप्सूल, असा क्रम डॉक्टर ठेवतात.