मळ्या पाळताना या चुका टाळा

कृष्णा-कोयनेच्या खडकाळ धारेत राहणारा मळ्या मासा खालच्या ओठामागच्या चकतीने दगडाला धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. दख्खनच्या माशांचा अभ्यास करणारे ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये या माशाचे वर्णन केले, तेव्हा शास्त्रीय नावातही हा मराठी शब्दच घेतला. इतक्या जवळचा मासा घरोघरी ज्या चुकांमुळे मरतो, त्या अगदी ठरलेल्या आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे संथ आणि गरम पाणी. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साडेसातच. मे महिन्यात कराडच्या एका ओळखीच्या मुलाने मला फोन केला, "काका, माझे मळ्ये दिवसभर काच साफ करतात, बघायला या." मी गेलो तेव्हा सहाही मासे पाण्याच्या अगदी वरच्या रेषेला काचेला चिकटले होते आणि त्यांचे कल्ले भराभर हलत होते. ते शेवाळ खात नव्हते, गुदमरत होते. टाकी खिडकीच्या उन्हात होती आणि आवाजाने झोप लागत नाही म्हणून पंप रात्री बंद ठेवला जात होता. आम्ही टाकी सावलीत हलवली, पंप जोरात लावला, तरीही सकाळपर्यंत चार मासे दगावले. तेव्हापासून मी बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीशेजारीच ठेवतो, कारण उन्हाळ्यात वीज गेली की धावपळ करायला वेळ उरत नाही.

दुसरी चूक घाईची आहे. आज टाकी आणली आणि आजच मासे सोडले, तर माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू तिथे तयारच नसतात. त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. "लगेच तयार" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. मी गोटे घालून, फिल्टर चालू ठेवून, चिमूटभर खाद्य टाकत थांबतो आणि गोट्यांवर हिरवट, बुळबुळीत थर बोटाला लागल्याशिवाय मासा आणत नाही, कारण तो थर म्हणजेच मळ्याचे जेवण आहे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

टोकदार खडी वापरू नये. तांबे असलेले औषध प्रमाण न मोजता घालू नये. मासा 15 सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, म्हणून काचेच्या गोल भांड्याचा विचारही करू नये. कोयना अभयारण्यातून किंवा चांदोलीतून मासा आणणे तर गुन्हाच आहे.

झाकण मात्र पहिल्या दिवसापासून हवे. मळ्या ओल्या काचेवर सरकत वर चढतो, म्हणून पाइप बाहेर येतो तेवढ्या फटीतही मी स्पंजचा तुकडा घट्ट बसवतो.