गोलकिकवर चेंडू उडवणं कसं थांबलं

आमच्या यवतमाळकडच्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना गोलकिक (विरोधकाला लागून चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर गेला की आपल्या गोलसमोरून मारायची किक) म्हणजे चेंडू उंच उडवणं, एवढंच ठाऊक. बाहेरून पालकही ओरडणार, "मार ना बे लंबा!" चेंडू जायचा आणि समोरच्या टीमकडून लगेच परत यायचा.

2019 पासून नियम बदललाय. गोलकिक पेनल्टी एरियाबाहेर (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेर) जायची गरज नाही, साथीदार आतच घेऊ शकतो, आणि चेंडू हलेपर्यंत विरोधकांनी बाहेर थांबायचं. म्हणजे पहिला पास जवळपास फुकटचा. म्हणून दोन्ही स्टॉपर (मधले बचावपटू) एरियाच्या दोन कडांना उभे केले.

खरी अडचण दुसऱ्या पासला होती. स्टॉपर चेंडू घ्यायचा आपल्याच गोलकडे तोंड करून. मागून कोण आलं ते दिसायचंच नाही, मग घाबरून लाथ! त्याला आडवं उभं केलं: पाठ साइडलाइनकडे, चेंडू येण्याआधी एकदा मान वळवून पाहायचं, आणि गोलीपासून (गोलकीपरपासून) लांबच्या पायानं चेंडू घ्यायचा. मग पहिल्याच टचला तोंड पुढं होतं. सराव गोली धरून चार विरुद्ध दोन. जमल्यावर तिसरा प्रेसर, म्हणजे चेंडू हिसकायला धावणारा विरोधक, सोडला. मधल्या रेषेवर विटा ठेवून दोन छोटे गोल केले, त्यातून पास गेला की पॉइंट.

काळ्या मातीला भेगा पडल्या की चेंडू उसळतो, म्हणून सराव मुरमाच्या तुकड्यावर नेला. गुडघे सोलतात, पण चेंडू सरळ येतो.

दबाव फारच असेल तर लांब मारायची मुभा आहेच. फक्त कोणाकडे मारणार, ते आधी ओरडून सांगायचं.