पहिल्या हजची तयारी : आधी पाय, मग बॅग

हजला निघायचं ठरलं आणि सगळ्यांनी मला याद्या पाठवल्या, पाच-सहा तरी असतील, एकीत दोरी आणि कपड्यांचे चिमटे होते, एकीत सुई-दोरा, एकीत बाथरूमच्या चपला वेगळ्या आणि रस्त्याच्या वेगळ्या, पण एकाही यादीत "चालायला लागा" असं लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी यादी तिथूनच सुरू करतो. निघायच्या तीन महिने आधीपासून रोज चाला, आणि बागेत रमतगमत नाही, भर उन्हात नसलं तरी घाम येईल असं, हळूहळू वाढवत आठ-दहा किलोमीटरपर्यंत. सफा ते मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या, म्हणजे सई, हीच साधारण तीन किलोमीटर होते, त्याआधी काबाभोवती तवाफचे सात चक्कर असतात, खाली मताफमधे, म्हणजे काबाभोवतीच्या अंगणात, गर्दी असेल तर वरच्या मजल्यावर पाठवतात आणि वरचा एक चक्कर खालच्यापेक्षा कितीतरी मोठा पडतो. आणि हे झालं फक्त उमऱ्याचं, म्हणजे छोट्या यात्रेचं, हजचे दिवस अजून पुढेच आहेत. मक्केजवळच्या मीना, अराफात, मुजदलिफा, तिथून परत मीना, मग हरम म्हणजे काबाची मशीद, बस असते, मेट्रो पण आहे, पण बस अडकली की माणसं उतरून चालायला लागतात आणि मग तुम्हीही चालता.

चप्पल नवी घेऊ नका. घेतलीच तर आत्ताच घ्या आणि त्याच चपलेनं चालायचा सराव करा, म्हणजे जे फोड यायचेत ते घरी येऊन जातील. एहराममधे, म्हणजे यात्रेच्या खास पोशाखात आणि त्याच्या बंधनांत असताना, पुरुषांना बूट-मोजे नाहीत, पायाचा वरचा उंचवटा आणि घोटे उघडे राहतील अशी चप्पल लागते. बायकांना मोजे चालतात, जाडसर सुती घ्या. सोबत एक कापडी पिशवी ठेवा, चपला मशिदीत आत घेऊन जायला. मी पहिल्या दिवशी दाराबाहेर ठेवल्या, जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज झाल्यावर लोंढ्याबरोबर भलत्याच दारातून बाहेर पडलो, आतला संगमरवर थंडगार असतो म्हणून बाहेरपण तसंच असेल असं वाटलं, आणि मग तापलेल्या रस्त्यावर नाचत नाचत मी जो सावली शोधत गेलो ते आठवलं की आजही तळवे चुरचुरतात. दारांना नंबर आहेत, १ नंबरचं किंग अब्दुलअझीझ गेट आणि ७९ नंबरचं किंग फहद गेट, आत शिरताना नंबरचा फोटो काढून ठेवा, घरच्या माणसांना पण पाठवा, कोणी हरवलं तर "अमुक नंबरला भेटू" एवढं आधी ठरलेलं असू दे.

आता एहराम. दोन बिनशिवलेल्या चादरी, पण जोड एक नाही, दोन घ्या. तमत्तू पद्धतीचा हज करणारे आधी उमरा करून केस कापून एहराम सोडतात आणि हजच्या महिन्यात, म्हणजे जिलहिज्जात, ८ तारखेला परत बांधतात, तेवढ्यात पहिला जोड धुवून वाळलाच असेल याची काय खात्री. घरी दोनदा बांधून बघा, बांधून जिना चढा, वाका, खाली बसून उठा, कारण पहिल्यांदा बांधून विमानतळावर चेक-इनच्या लाईनीत उभं राहणं म्हणजे एक हात कायम कमरेवर. पट्टा चालतो, खिसेवाला घ्या. मांड्या घासून सोलवटतात हे कोणी उघड सांगत नाही, निम्मे पुरुष तिसऱ्या दिवशी फेंगडे चालत असतात, त्यासाठी बिनवासाचं व्हॅसलीन. बिनवासाचं हे महत्त्वाचं, एहराममधे सुगंध चालत नाही म्हणजे अत्तरच नाही फक्त, साबण, शाम्पू, ओले टिश्यू सगळं आलं त्यात, ते आधीच शोधून ठेवा. नखं आणि केस घरूनच कापून निघा, नंतर हात लावता येत नाही. विमान थेट जेद्दाला जाणार असेल तर मीकात, म्हणजे जिच्यापुढे एहरामशिवाय जाता येत नाही ती हद्द, हवेतच येतं, घोषणा करतात पण डोळा लागला की गेलं, म्हणून एहराम अंगावर घालूनच विमानात बसा आणि मीकातच्या आधी नियत, म्हणजे संकल्प, करा, आणि चुकूनही एहराम चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. आधी मदिना असेल तर प्रश्नच नाही, मक्केला निघताना जुल-हुलैफाला, तिथे अबियार अली म्हणतात, एहराम बांधायचा.

बायकांचा एहराम म्हणजे नेहमीचेच ढगळ कपडे, फक्त नकाब आणि हातमोजे नाहीत. पण बायकांच्या यादीत एक गोष्ट सगळ्यात वर हवी आणि ती कुजबुजत बोलली जाते, म्हणून इथे स्पष्ट लिहितो, पाळी. पाळीत तवाफ होत नाही, बाकी मीना, अराफात, मुजदलिफा, सैतानाला खडे मारणं, दुआ सगळं होतं, हज तुटत नाही. अडचण येते ती तवाफे-जियारतची, म्हणजे अराफातनंतरच्या तवाफची, कारण तो हजचा फर्ज आहे, चुकवता येत नाही, आणि परतीचं तिकीट थांबत नाही. निरोपाचा तवाफ मात्र अशा वेळी माफ आहे. गोळ्या घेऊन पुढे ढकलायचं असेल तर दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना भेटा, शेवटच्या आठवड्यात मैत्रिणीच्या सल्ल्यानं नको. माझ्या बायकोनं आधीच विचारून घेतलं होतं, आमच्या ग्रुपमधल्या एका बाईंनी नव्हतं विचारलं, त्या शेवटचे चार दिवस नुसत्या कॅलेंडर बघत रडत होत्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. हजचा परवाना असल्याशिवाय जाऊ नका, व्हिजिट व्हिसावर "होऊन जाईल" म्हणणारा कोणीतरी भेटतोच, त्याला हात जोडा. २०२५ मधे विनापरवाना हजसाठी २०,००० रियालपर्यंत दंड होता, शिवाय तिथे राहणाऱ्यांना आणि व्हिसाची मुदत संपलेल्यांना देशाबाहेर काढून १० वर्षं बंदी. दंडाचं सोडा, जून २०२४ मधे मक्केत पारा ५१.८ पर्यंत गेला आणि सौदी सरकारनंच १,३०१ मृत्यू सांगितले, त्यातले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते, ना तंबू ना बस, उन्हातून चालत राहिलेली माणसं. नुसुक कार्ड, म्हणजे हाजीचं ओळखपत्र, गळ्यात अडकवलं की झोपतानापण काढू नका, आणि नुसुक ॲप घरूनच चालू करून बघा, मदिनेत रौजाची, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीतल्या खास जागेची, वेळ त्यातूनच घ्यावी लागते. मेनिंजायटिसची लस पोचायच्या निदान १० दिवस आधी. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, काही झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्यांवर तिथे कडक नियम आहेत. खसखस पण बंदी आहे, मसाल्यात मिसळलेली असली तरी. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात.

मीनाची बॅग वेगळी भरा, पाठीवरची, छोटी, कारण पाच दिवस मोठी बॅग जवळ नसते. एहरामचा जोड, एक साधा जोड, पातळ चटई, चादर, औषधं, ओआरएसची पाकिटं, पाण्याची बाटली, स्प्रेची बाटली, फिक्या रंगाची छत्री (पुरुषांना डोकं झाकता येत नाही पण छत्री चालते), पॉवरबँक, बस्स. गॅस, स्टोव्ह काही नाही, १९९७ मधे मीनामधे आग लागून तीनशेवर हाजी गेले, त्यानंतरच हे आग न धरणारे तंबू आले. तंबू म्हणजे सतरंजीएवढी जागा, शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत, संडासला लाईन. कानात घालायचे बोळे न्या. घोरणारा तुमच्याच शेजारी असतो, आणि कोणीच शेजारी घोरणारा नसेल तर तो घोरणारा तुम्ही आहात.

मुजदलिफाची रात्र उघड्यावर असते, मगरिब आणि इशाची नमाज तिथे एकत्र पढायची, चटई तिथेच कामाला येते. खडे तिथूनच वेचतात, चण्याएवढे, १२ तारखेला निघणार असाल तर ४९, १३ पर्यंत थांबलात तर ७०, मी दहा जास्तीचे घेतले, दोन-चार हातातून पडतातच. त्यासाठी चेन लागणारी छोटी थैली हवी, सुटे खिशात ठेवू नका. जमरातला, म्हणजे खडे मारायच्या खांबांकडे, जायचा आणि यायचा रस्ता वेगळा आहे, काहीही पडलं तरी मागे वळून उचलायचं नाही, चप्पल पडली तर गेली.

निघायच्या आधी देणी चुकती करायची, ज्याच्याशी बोलणं नाही त्याला फोन करायचा, वसीयत लिहायची, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पैशाची यादी अर्ध्या तासात झाली माझी. फोनची यादी संपेना. एका चुलत भावाला सात वर्षांनी फोन लावला, म्हणलं हजला चाललोय, माफ कर, तो बराच वेळ गप्प आणि मग म्हणाला छत्री घेतलीस का.

आणि शेवटचं, नावांची वही. निघताना प्रत्येकजण म्हणतो माझ्यासाठी दुआ कर, आणि तुम्ही हो म्हणता, पण अराफातला दुपार ढळल्यावर फोनची बॅटरी संपलेली असते, अंगातलं पाणी संपलेलं असतं, आणि सूर्य बुडेपर्यंत तेवढाच काय तो वेळ, त्यात आठवतात फक्त अम्मी आणि पोरं. म्हणून कागदावर लिहून न्या, नाव आणि समोर काय मागायचंय ते, "मुलीचं लग्न", "गुडघा", "नोकरी". बॉलपेननं लिहा. मी जेलपेननं लिहिली होती, घामानं अर्धं पान पसरलं, मग ओळखू येत नव्हती तेवढी नावं मी तशीच बोट ठेवून वाचली, या अल्लाह हा जो कोणी आहे त्याचा गुडघा.