मे महिन्यात नागपूर पाहायचं तर: लग्नाला आलेल्या पाहुण्यांसाठी

लग्न आटोपलेलं, परतीची गाडी रात्रीची आणि मधला अख्खा दिवस मोकळा. आमच्याकडे मे महिन्यात येणारे मुंबई-पुण्याचे पाहुणे लगेच मोबाईलवर नकाशा उघडतात आणि जवळजवळची ठिकाणं जोडत बसतात. काय करून राहिले बाप्पा! पारा ४५ ला टेकतो तेव्हा ठिकाणं अंतर पाहून ठरवत नाहीत. छप्पर आणि फरशी पाहून ठरवतात.

फरशीचं आधी सांगते. दीक्षाभूमीला जायचं तर सकाळीच जा. चपला काढून ठेवाव्या लागतात, आणि ऊन चढलं की आवारातल्या फरशीवर पाय ठरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथेच धम्मदीक्षा घेतली. स्तूप आतून पोकळ आहे, त्या घुमटाखाली घाई करू नका. बाहेर बोधिवृक्षाच्या सावलीतही थोडं बसा. परतताना तर्री पोहे, म्हणजे वर तिखट रस्सा घातलेले पोहे, खाऊन घ्या. तर्री सकाळीच झेपते, दुपारच्या उन्हात नाही.

दहानंतर डोक्यावर छप्पर हवंच. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. ऑटोवाल्याला ‘अजब बंगला’ सांगा, म्हणजे पत्ता समजावत बसावं लागत नाही. पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी मुलं रेंगाळतील, रेंगाळू द्या. मोठ्यांनी दगडी शिल्पं आणि आदिवासी कलेचं दालन सोडू नये. सोमवारी मात्र बंद असतं. कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय मला फार आवडतं, पण तिथली इंजिनं उघड्यावर उभी आहेत. ते हिवाळ्यात पाहा.

साडेबारा-एकला घरी या आणि चारपर्यंत उंबरा ओलांडू नका. ही दुपार कूलरपुढे काढायची, आणि बाहेरचे लोक नेमके इथेच चुकतात. एसीची सवय असल्यानं दारं-खिडक्या गच्च लावून घेतात आणि थोड्या वेळात घामाघूम होऊन कूलरलाच नावं ठेवतात. कूलर बाजूंना लावलेल्या गवताच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा ओढतो, पाणी उडून जाताना हवा थंड होते. ती दमट हवा खोलीबाहेर जायला वाट लागते. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. टाकीतलं पाणी संपत आलं का ते मधूनमधून पाहा, ताट्या सुकल्या की नुसता गरम वारा येतो. विदर्भाची हवा कोरडी म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमटपणात कूलरचा काही उपयोग नाही. आंघोळीचं पाणी सकाळीच बादलीत काढून ठेवा, दुपारी गच्चीवरच्या टाकीतून कढत पाणी येतं. जेवण हलकं, सोबत कैरीचं पन्हं आणि कच्चा कांदा. सावजीचं झणझणीत जेवण रात्रीसाठी राखून ठेवा.

हॉटेल सोडून बसला असाल तर मेट्रो धरा. डबे वातानुकूलित आहेत. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका मिळतात, तिथून खापरीपर्यंत जाऊन परत या. खिडकीशी बसून शहर पाहणं होतं.

चारनंतर गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र. सर सी. व्ही. रामन तरुणपणी सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. तारांगणाचा खेळ किती वाजता आहे ते तिकीट काढतानाच विचारा. बाहेरच्या बागेत ऊन उतरल्यावरच जा.

निघताना डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळा, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. खिशात कांदा ठेवायला आजी सांगायची. त्यानं काय होतं देव जाणे, पण खाल्लेला कांदा मला जास्त पटतो. अंग तापून कोणी असंबद्ध बोलू लागलं किंवा भोवळ येऊन पडलं, तर लिंबूपाणी करत बसू नका. सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा आणि तडक दवाखाना गाठा.

दिवे लागल्यावर बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फिरा. संत्रा बर्फी मात्र स्टेशनला निघतानाच घ्या. सकाळी घेऊन दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवलीत, तर पुण्याला पोचेपर्यंत तिचा लगदा झालेला असेल.