शुक्राणूंचा काउंट झीरो आला तर टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाआधी हे वाचा

लग्नाला चार वर्षं झाली, बायकोच्या सगळ्या टेस्ट झाल्या, म्हाळसेची ओटी भरून झाली, पण माझी एक साधी सीमेन टेस्ट (वीर्याची तपासणी) करूया हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. तर सुरुवात तिथूनच करा. आधी 2 ते 7 दिवस वीर्य बाहेर जाऊ न देता गॅप ठेवायचा, सॅम्पल तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवं. मी शहाणपणा करून घरून डबी घेऊन निघालो, शर्टाच्या आत अंगाला लावून, फोंड्याहून पणजीला, आणि बाणस्तारीच्या पुलावर ट्राफिक! लॅबमध्येच द्या बाबा. झीरो आला तरी एका रिपोर्टवर जाऊ नका, परत करा, आणि सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे मशीनमध्ये गरगर फिरवून खाली बसलेलं बघितलं का ते विचारा.

मग सकाळच्या वेळी हार्मोनच्या रक्ताच्या टेस्ट: एफएसएच आणि एलएच (मेंदूकडून गोट्यांना जाणारे सिग्नल), आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचा हार्मोन. एफएसएच खूप वर आणि गोट्या लहान, घट्ट असतील तर कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोम मोजायची टेस्ट, करायलाच हवी, साधी रक्ताची टेस्ट, फक्त रिपोर्टला वेळ लागतो. माझ्या रिपोर्टवर 47, एक्सएक्सवाय आलं, म्हणजे एक एक्स क्रोमोसोम जास्त, याला क्लाइनफेल्टर म्हणतात. साधारण 600 पुरुषांत एकाला असतं, बऱ्याच जणांना जन्मभर कळत नाही कारण संसार नीट चालू असतो. आईकडून आलं का, वडिलांकडून, हा वाद घरात घालू नका, बीज तयार होतानाच झालेली चूक ती, कोणाचा दोष नाही.

आता मेन गोष्ट. एका डॉक्टरने मला लगेच टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहून दिलं, नशीब मी घेतलं नाही. बाहेरून हार्मोन गेला की मेंदूकडून गोट्यांना जाणारा सिग्नल बंद होतो, आत कुठे थोडे शुक्राणू बनत असतील तेही थांबतात. मूल हवं असेल तर आधी मायक्रो-टेसे, म्हणजे मायक्रोस्कोपखाली गोटीतल्या नळ्या शोधून शुक्राणू काढतात, जवळपास निम्म्या जणांना मिळतात, ते फ्रीज करून इक्सी करता येते, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने बीजांडात सोडतात. इंजेक्शनं त्यानंतर, ती बऱ्याच जणांना लागतात, हाडांसाठी पण.

गोमेकॉत, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, 2023 पासून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) मोफत आहे, बांबोळीला आधी तिथे विचारा, मायक्रो-टेसे करतात का तेही. आणि शुक्राणू नाहीच मिळाले तर डोनर, म्हणजे दुसऱ्याचे शुक्राणू, घ्यायचे का, हे ऑपरेशनच्या आधी दोघांनी बसून ठरवा, डोनर रजिस्टर्ड बँकेतूनच, 2021 चा कायदाच आहे तसा. आम्ही हे ऑपरेशनच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये बोललो, सासूबाई शेजारी बसलेल्या.