बाळाचा विचार आहे? आधी गरम जेवणाचा डबा बदला

स्त्रीबीज पक्व होण्याचा शेवटचा टप्पा साधारण तीन महिन्यांचा असतो. म्हणून मूल हवं असेल तर निदान तेवढे दिवस आधीपासून बीपीए आणि थॅलेट्स ही प्लॅस्टिकमधली, हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करणारी रसायनं शरीरात कमी जातील असं पाहावं. खर्च जवळजवळ नाहीच.

१. गरम आणि तेलकट पदार्थ प्लॅस्टिकमध्ये नकोत. हॉटेलातून सांबार किंवा रस्सा आणायचा तर घरूनच स्टीलचा डबा न्या. मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनी माती.

२. चरे पडलेली, धुरकट झालेली कडक प्लॅस्टिकची भांडी काढून टाका. १९९८ साली अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत पॉलिकार्बोनेटचे (बीपीएपासून बनणाऱ्या कडक प्लॅस्टिकचे) पिंजरे चुकून तीव्र साबणाने धुतले गेले, त्यातून बीपीए पाझरलं, आणि त्यातल्या उंदरांच्या माद्यांच्या बीजांत गुणसूत्रांचा गोंधळ दिसला. माणसांत अगदी तसंच होतं असं नाही, पण जुना डबा जपण्यात काय अर्थ आहे?

३. दुकानातली गुळगुळीत पावती हातात धरून ठेवू नका, तिच्या कागदावर बरेचदा बीपीए असतं आणि ते त्वचेतून आत जातं. सॅनिटायझर लावलेल्या हातांनी तर नकोच.

४. डबाबंद पदार्थांऐवजी (डब्याच्या आतल्या लेपात बीपीए असू शकतं) ताजी पालेभाजी, डाळी, उसळी.

‘बीपीए फ्री’ लेबलवर फार विसंबू नका, बीपीएऐवजी बरेचदा बीपीएस हे त्याचंच भावंड असलेलं रसायन वापरलेलं असतं. स्टील बरं.

एक मात्र लक्षात ठेवा: यातलं काहीही औषधाची जागा घेत नाही. फोलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून गर्भधारणेच्या आधीच सुरू करा. पस्तिशी उलटली असेल आणि सहा महिने दिवस राहिले नसतील तर डबे बदलत बसू नका, तपासणी करून घ्या.